पिवळी रेषा, हिरवी रेषा

दरवर्षी १८ ऑगस्टला सिंधुदुर्गातल्या विजयदुर्ग किल्ल्यात हेलियम दिन साजरा होतो. भाषणं होतात, आणि किल्ल्याच्या आतल्या ‘साहेबाचे कट्टे’ नावाच्या दगडी चौथऱ्यांकडे बोट दाखवून सांगितलं जातं की, १८६८ साली याच दिवशी नॉर्मन लॉकियर या इंग्रज शास्त्रज्ञांनी इथे दुर्बीण लावून खग्रास सूर्यग्रहण पाहिलं आणि हेलियम या मूलद्रव्याचा शोध लागला. वर्तमानपत्रांत, पर्यटनाच्या पुस्तिकांत, व्हॉट्सअ‍ॅपवर हीच गोष्ट वर्षानुवर्षं फिरते आहे.

यातलं ग्रहण खरं, लॉकियर खरे, कट्टेही खरे. जुळणी तेवढी चुकली आहे. १८ ऑगस्ट १८६८ रोजी लॉकियर इंग्लंडात होते. आणि कोकणातल्या माणसाला तर हे ठरवायला कागदपत्रं धुंडाळायचीही गरज नाही. त्या दिवशी तिथी होती श्रावण अमावास्या. देशावर पोळा, कोकणात चार दिवसांवर आलेले गणपती. या दिवसांत देवगड तालुक्यात सकाळी सूर्य दिसेल अशी पैज कोणी लावत नाही. तिथे विलायतेहून नाजूक यंत्रं आणून ग्रहणाची वाट बघत बसेल असा खगोलशास्त्रज्ञ विरळाच. त्या वेळची पथकं पावसाळ्याचा हिशेब करून सह्याद्रीच्या पलीकडे, पूर्वेकडे गेली ती उगाच नव्हे.

लॉकियर विजयदुर्गला आले, पण तीस वर्षांनी, २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला. पौष अमावास्या, निरभ्र आकाश. कट्टे आहेत ते त्या वेळचे. तेव्हा हेलियम सापडून, बाटलीत भरून जवळपास तीन वर्षं झाली होती. मात्र त्या दुपारी महाराष्ट्रात जे काम झालं ते एका वेगळ्याच रेषेचं होतं, आणि माझ्या मते ते आपण सांगतो त्या गोष्टीपेक्षा जास्त अभिमानाचं आहे. ते कळायला आधी पिवळ्या रेषेची गोष्ट नीट सांगायला हवी.

गॅसवर आमटी उतू जाते तेव्हा निळ्या ज्योतीत पिवळे भपके उठतात. तो पिवळा रंग आमटीतल्या मिठातल्या सोडियमचा. हाच उजेड एका बारीक फटीतून लोलकात सोडला तर इंद्रधनुष्यासारखा सलग पट्टा दिसत नाही. दिसते फक्त पिवळ्या जागी एक रेषा, आणि यंत्र चांगलं असेल तर जवळजवळ चिकटलेल्या दोन. लिथियम टाका, लाल रेषा. थॅलियम टाका, हिरवी. प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा ठरलेल्या जागी, ठरलेल्या अंतरांवर. हेच तत्त्व वापरून हायडेलबर्गमध्ये रॉबर्ट बुन्सेन आणि गुस्टाव्ह किरशॉफ यांनी १८६० च्या सुमाराला रसायनशास्त्राला नवे डोळे दिले. बुन्सेन यांच्या नावाचा बर्नर आपण शाळेत पाहतो. त्याची जवळपास बिनरंगी ज्योत इथे कामी आली, कारण तिचा स्वतःचा रंग मध्ये येत नव्हता. डुर्कहाइम गावच्या झऱ्याच्या पाण्यात त्यांना ओळखीच्या नसलेल्या निळ्या रेषा दिसल्या. तेव्हा तब्बल ४४ टन पाणी आटवून त्यांनी सीझियमचा जेमतेम काही ग्रॅम क्षार मिळवला. पाठोपाठ रुबिडियम. इंडियम या मूलद्रव्याचा किस्सा तर मजेदार आहे. १८६३ साली ते शोधणारे फर्डिनांड राइश रंगांध होते, म्हणून रेषा बघायचं काम त्यांनी सहकारी थिओडोर रिश्टर यांच्यावर सोपवलं. रिश्टर यांना जांभळट निळी रेषा दिसली आणि नव्या मूलद्रव्याला तिच्यावरूनच नाव मिळालं.

सूर्याच्या उजेडात मात्र उलटा प्रकार होता. बव्हेरियात काचेच्या कारखान्यात काम करणाऱ्या योसेफ फ्राउनहोफर यांनी १८१४ साली सूर्यप्रकाशाचा पट्टा पसरला, तर त्यात शेकडो काळ्या रेषा निघाल्या. त्यांनी ५७४ रेषांच्या जागा मोजल्या आणि ठळक रेषांना अक्षरं दिली. पिवळ्या भागातली जोडी ‘डी’. या रेषा कशाच्या, याची चिंता त्यांनी केली नाही. त्यांना हवी होती काच पारखण्यासाठी न हलणारी खूण, आणि ती मिळाली. उत्तर द्यायला किरशॉफ यावे लागले: तापलेला वायू ज्या रेषा उजळून दाखवतो, त्याच रेषा मागून जास्त तापलेल्या पिंडाचा उजेड आला की तो गिळतो आणि तिथे काळोख उरतो. म्हणजे सूर्याच्या वातावरणात सोडियम आहे, लोखंड आहे. इथे बसून सूर्याचं रासायनिक पृथक्करण करता येऊ लागलं.

मग १८६८. खग्रास ग्रहणात चंद्राच्या काळ्या चकतीभोवती तांबड्या ज्वाळा दिसतात, त्या कशाच्या, हा त्या काळचा मोठा प्रश्न होता. त्यांच्या उजेडात ठळक रेषा दिसल्या तर त्या वायूच्या. ग्रहणाचा पट्टा एडनकडून अरबी समुद्र ओलांडून दक्षिण कोकण, विजापूरचा मुलूख, निजामाचं राज्य करत गुंटूर-मच्छलीपट्टणमपाशी बंगालच्या उपसागरात उतरत होता. फ्रान्सचे ज्यूल जान्सन गुंटूरला बसले. मद्रास वेधशाळेचे नॉर्मन पॉग्सन मच्छलीपट्टणमला. त्यांचेच सहकारी चिंतामणी रघुनाथाचारी वनपर्तीला. आणि रॉयल सोसायटीने पाठवलेली उपकरणं घेऊन लेफ्टनंट जॉन हर्शेल पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात. युरेनस शोधणाऱ्या विल्यम हर्शेल यांचे ते नातू.

जमखंडीत ढगांनी छळलं. ढग फाटत, मिटत होते. त्या फटींतून हर्शेल यांनी ज्वाळेवर यंत्र रोखलं आणि तीन रेषा नोंदवल्या: तांबडी, नारिंगी, निळी. तांबडी आणि निळी हायड्रोजनच्या. नारिंगीची जागा त्यांनी मोजली आणि निर्णय दिला: ही ‘डी’च, सोडियमची. तिकडे मच्छलीपट्टणमला पॉग्सन यांना ती ‘डी’च्या अगदी जवळ पण नेमकी तिच्यावर नाही असं वाटलं, आणि तसं त्यांनी लिहूनही ठेवलं. त्यांचा अहवाल मद्रास सरकारच्या कागदांत राहिला. युरोपात त्याकडे फार कोणी पाहिलं नाही. हेलियमच्या इतिहासात पॉग्सन यांच्यावर अन्याय झाला, असं माझं मत आहे.

जान्सन यांनी वेगळीच गोष्ट हेरली. ज्वाळेच्या रेषा इतक्या झगझगीत होत्या की, ग्रहण नसतानाही त्या दिसायला हव्यात असं त्यांच्या मनात आलं. युक्तिवाद सरळ होता. दिवसा ज्वाळा दिसत नाहीत कारण आकाशाचा उजेड त्यांना झाकून टाकतो. पण आकाशाचा उजेड सर्व रंगांचा; लोलक तो लांबच लांब पसरून पातळ करतो. ज्वाळेचा उजेड तीनचार रेषांतच गोळा झालेला. तो पसरून पातळ होत नाही. दुसऱ्या दिवशी, १९ ऑगस्टला, गुंटूरच्या स्वच्छ उन्हात त्यांनी यंत्राची फट सूर्याच्या कडेला लावली आणि रेषा दिसल्या. ग्रहणासाठी जगभर धावण्याची निदान या कामापुरती गरज संपली.

हीच युक्ती लंडनमध्ये लॉकियर यांनाही सुचली होती. वय ३२, युद्ध खात्यात कारकून, हौशी खगोलप्रेमी. मागवलेला स्पेक्ट्रोस्कोप, म्हणजे रेषा दाखवणारं यंत्र, वेळेवर तयार झाला नाही. तो हातात पडला ऑक्टोबरात. २० ऑक्टोबरला त्यांनी स्वतःच्या दुर्बिणीतून सूर्याच्या कडेवर त्या रेषा पाहिल्या. जान्सन यांचं भारतातून निघालेलं पत्र आणि लॉकियर यांचं निवेदन पॅरिसच्या विज्ञान अकादमीसमोर एकाच बैठकीत, २६ ऑक्टोबरला आलं. अकादमीने भांडण होऊ दिलं नाही. पुढे १८७२ मध्ये दोघांचेही मुखवटे असलेलं पदक काढलं. पण या पदकात हेलियम कुठेच नाही. ते ग्रहणाशिवाय ज्वाळा बघण्याच्या पद्धतीसाठी होतं. पिवळी रेषा सोडियमची नव्हे, असं म्हणून ते धरून ठेवणारे लॉकियर. त्यांनी तिला नाव दिलं ‘डी-तीन’.

आता ‘अगदी जवळ’ म्हणजे किती जवळ? सोडियमच्या दोन रेषा ५८९.६ आणि ५८९.० नॅनोमीटरला. डी-तीन ५८७.६ ला. भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी. केलेल्यांना सोडियम दिव्याचं प्रॅक्टिकल आठवत असेल: काळोखी खोली, पिवळा दिवा, टेबलावर इंचाला १५,००० रेषांची ग्रेटिंग, आणि व्हर्नियरवर टॉर्च मारून मान वाकडी करत घेतलेलं रीडिंग. त्या ग्रेटिंगवर पहिल्या क्रमात सोडियमच्या दोन रेषांमधला कोन भरतो सव्वा मिनिटाच्या आसपास. मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग, आणि कॉलेजातल्या बहुतेक स्पेक्ट्रोमीटरवर वाचता येतं तेही साधारण एक मिनिटापर्यंतच. डी-तीन सोडियमपासून तीन मिनिटांवर. प्रयोगशाळेत, हात स्थिर, वेळ भरपूर, तर हा फरक सहज दिसतो. भर पावसाळ्यात, ढगांच्या फटीतून, पाच मिनिटांच्या ग्रहणात, डोळ्यांनी अंदाज घेताना तो हातून निसटला तर हर्शेल यांना नावं ठेवता येत नाहीत.

सोडियमच्या जागी हेलियमची नळी लावून बघितलं तर फरक डोळ्यांना सांगावा लागत नाही. नळी नुसती पाहिली तर फिकट गुलाबीसर पिवळी दिसते. दुर्बीण हळूहळू फिरवत नेली की आधी जांभळ्याकडची ४४७ ची रेषा येते, मग निळी ४७१, हिरवट निळी ४९२, तिला जवळजवळ लागून हिरवी ५०२. त्यानंतर बराच वेळ काहीच नाही, नुसता काळोख. विद्यार्थी दर वेळी इथे थांबतो, दुर्बीण मागे नेतो, फोकस तपासतो. आणखी थोडी पुढे नेली की पिवळी येते, सगळ्यांपेक्षा तेजस्वी. पुढे लाल ६६८. या मधल्या रिकाम्या जागाही हेलियमच्याच. ओळख पटते ती संपूर्ण मांडणीवरून, एका रेषेवरून नाही.

लॉकियर यांच्याकडे सुरुवातीला एकच रेषा होती. रसायनतज्ज्ञ एडवर्ड फ्रँकलंड यांच्याबरोबर त्यांनी प्रयोगशाळेत हायड्रोजनवर दाब कमीजास्त करून, तापमान बदलून पाहिलं. डी-तीन काही निघेना. मग पृथ्वीवर माहीत नसलेलं मूलद्रव्य सूर्यात आहे, अशी कल्पना मूळ धरू लागली. १८७१ मध्ये विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्व्हिन, यांनी ब्रिटिश असोसिएशनच्या अध्यक्षीय भाषणात ‘हेलियम’ हे नाव जाहीरपणे घेतलं. रसायनशास्त्रज्ञांनी नाकं मुरडली. हातात नाही, वजन नाही, एकाही संयुगात सापडलं नाही. आहे काय, तर सूर्याच्या कडेची एक पिवळी रेषा. त्यांचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं, हे पुढे कळेल.

१८६८ पासून २७ वर्षं अशीच गेली. मार्च १८९५ मध्ये लंडनमध्ये विल्यम रॅम्झी क्लेव्हाइट या युरेनियमच्या खनिजातून निघणारा वायू तपासत होते. अमेरिकेत विल्यम हिलेब्रँड यांनी अशाच खनिजांतून निघणारा वायू नायट्रोजन म्हणून सोडून दिला होता. रॅम्झी यांना त्यात आर्गॉन सापडेल अशी आशा होती. नळीत पिवळी रेषा दिसली. आधी वाटलं सोडियम. पण सोडियमची रेषा शेजारी घेतली तर दोन्ही जुळेनात. नमुना विल्यम क्रूक्स यांच्याकडे गेला. त्यांनी रेषा मोजली आणि तारेने कळवलं, डी-तीनच. लॉकियर तेव्हा ५८ वर्षांचे होते.

तरी एक अडचण उरलीच, आणि मला हा सगळ्या गोष्टीतला सर्वांत आवडता भाग वाटतो. जर्मनीत कार्ल रुंगे आणि फ्रीडरिश पाशेन यांनी क्लेव्हाइटच्या वायूची पिवळी रेषा अधिक बारकाईने पाहिली, तर ती एक नव्हतीच. तेजस्वी रेषेला चिकटून एक फिकी जोडीदारीण, अवघ्या ०.०३ नॅनोमीटरवर. सूर्याची डी-तीन मात्र सगळ्यांनी एकेरी मानलेली. मग रुंगे यांनी सरळ सांगितलं: सूर्याची रेषाही दुहेरी निघाली तरच हा तोच वायू, नाहीतर नाही. युरोप-अमेरिकेतल्या दुर्बिणी पुन्हा सूर्याच्या कडेवर रोखल्या गेल्या. विल्यम हगिन्स यांना आधी एकेरीच दिसली. मग अमेरिकेत जॉर्ज हेल यांना दुहेरी दिसली, आणि पाठोपाठ हगिन्स यांनाही. हेलियम त्या उन्हाळ्यात खऱ्या अर्थाने सिद्ध झालं, तेजस्वी रेषेमुळे नव्हे, तिच्या फिक्या जोडीदारणीमुळे.

या रेषा ठरलेल्या जागीच का पडतात, हे तोवर कोणालाच माहीत नव्हतं. एक धागा १८८५ मध्ये बासेलच्या मुलींच्या शाळेत गणित शिकवणाऱ्या साठीच्या योहान बाल्मर यांनी पकडला होता. हायड्रोजनच्या चार रेषांच्या तरंगलांबी, ६५६.३, ४८६.१, ४३४.०, ४१०.२, यांच्याकडे बघत बसताना त्यांना दिसलं की, ३६४.५६ या एका संख्येला ९/५, ४/३, २५/२१ आणि ९/८ ने गुणलं की चारही मिळतात. कागद-पेन्सिल घेऊन करून बघा, दोन मिनिटांचं काम आहे. या अपूर्णांकांत ३, ४, ५, ६ या आकड्यांचे वर्ग दडलेले आहेत. का, ते बाल्मर सांगू शकले नाहीत. सांगितलं १९१३ मध्ये नील्स बोर यांनी. इलेक्ट्रॉनला अणूत कुठेही राहता येत नाही; ठरलेल्या पायऱ्यांवरच राहता येतं. आणि हा जिना विचित्र आहे. हायड्रोजनमध्ये पहिल्या पायरीपासून दुसरी १०.२ इलेक्ट्रॉन व्होल्ट वर, दुसरीपासून तिसरी फक्त १.९, तिसरीपासून चौथी ०.६६. वर जावं तशा पायऱ्या दाटत जातात. इलेक्ट्रॉन वरून खाली उतरला की दोन पायऱ्यांमधला फरक उजेड होऊन बाहेर पडतो. सगळे दुसऱ्या पायरीवर उतरणारे बाल्मर यांच्या रेषा देतात. पायऱ्या वर दाटल्या म्हणून रेषाही ३६४.६ कडे दाटत जातात आणि तिथे संपतात. हा ३६४.६ आकडा लक्षात ठेवा, तो वऱ्हाडात पुन्हा भेटणार आहे.

बोर यांच्या सिद्धान्ताची पहिली खरी परीक्षा घेतली ती आल्फ्रेड फाउलर यांनी, आणि गंमत म्हणजे हे लॉकियर यांचे जुने सहकारी. काही ताऱ्यांत आणि फाउलर यांच्या नळीत सापडलेल्या काही रेषा सगळे हायड्रोजनच्या मानत. बोर म्हणाले, या हायड्रोजनच्या नाहीत, एक इलेक्ट्रॉन गमावलेल्या हेलियमच्या आहेत. केंद्रातला भार दुप्पट म्हणून ऊर्जा चौपट. फाउलर यांनी मोजमापं पुढे केली: नेमकी चौपट नाही, किंचित जास्त आहे. बोर यांनी केंद्र स्थिर न धरता त्याचं वजनही हिशेबात घेतलं आणि उत्तर काढलं, ४.००१६. मोजमाप तेच सांगत होतं. फाउलर यांनी खुल्या मनाने मान्य केलं.

याच फाउलर यांच्या लंडनमधल्या प्रयोगशाळेत १९२० मध्ये मेघनाद साहा नावाचा बंगाली तरुण काम करायला आला. कुठल्या तापमानाला कुठल्या मूलद्रव्याचे अणू इलेक्ट्रॉन गमावतात आणि त्यामुळे कोणत्या रेषा दिसतात, कोणत्या लपतात, याचं समीकरण साहा यांनी मांडलं. हेलियम दिसायला आधी ग्रहणाचीच गरज का पडली, या प्रश्नाचं उत्तर या विचारातून मिळतं. सूर्याच्या वस्तुमानाचा सुमारे पाव हिस्सा हेलियम आहे, आणि तरीही फ्राउनहोफर यांच्या ५७४ काळ्या रेषांत त्याची एकही नाही. सोडियमची पिवळी रेषा काढायला २.१ इलेक्ट्रॉन व्होल्ट पुरतात. हेलियमच्या इलेक्ट्रॉनला मात्र डी-तीनच्या खालच्या पायरीवर न्यायलाच जवळपास २१ लागतात. सूर्याच्या पृष्ठभागावर तापमान ५,८०० केल्व्हिनच्या आसपास; तिथे एवढी ऊर्जा अणूंच्या वाट्याला जवळपास येतच नाही. हेलियम तिथे खच्चून भरलेलं असून गप्प असतं. पृष्ठभागाच्या वर असलेल्या विरळ आणि अधिक तापलेल्या थरातच ते उजळतं, आणि तो थर चकतीच्या झगमगाटात दिसत नाही, कडेवरच दिसतो. सूर्य मुख्यतः हायड्रोजन आणि हेलियमचा आहे, हे साहा यांचं समीकरण वापरून सेसिलिया पेन यांनी १९२५ च्या प्रबंधात दाखवलं. तेव्हाच्या ज्येष्ठांनी ते खरं नसणार असं सांगून त्यांना आपलं विधान मवाळ करायला लावलं. खरं पेन यांचंच होतं.

एका रेषेवर मूलद्रव्य घोषित करण्याबद्दल नाकं मुरडणारे रसायनशास्त्रज्ञ अगदीच चूक नव्हते, असं वर म्हटलं ते यासाठी. लॉकियर यांनी जो युक्तिवाद केला, तोच पुढे दोनदा केला गेला आणि दोन्ही वेळा फसला. तेजोमेघांत ५०० नॅनोमीटरच्या जवळची हिरवी रेषा १८६४ मध्ये हगिन्स यांना सापडली. पुढे तिचा मालक म्हणून ‘नेब्युलियम’ मानलं गेलं. १९२७ मध्ये आयरा बोवेन यांनी दाखवलं की ते दोन इलेक्ट्रॉन गमावलेलं साधं ऑक्सिजन आहे, पृथ्वीवर बनवता येणार नाही इतक्या विरळ अवस्थेतलं. या रेषेवर पुण्यातही काम झालं होतं. सायन्स कॉलेजच्या आवारात कावसजी दादाभाई नायगामवाला यांनी भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा उभारली होती. तिथली २० इंची दुर्बीण त्या काळी देशातली सर्वांत मोठी. ही रेषा मॅग्नेशियमच्या पट्ट्याची कड आहे, असं लॉकियर म्हणत होते. नायगामवाला यांना मृगातल्या तेजोमेघात ती दोन्ही बाजूंनी धारदार दिसली, पट्ट्याची कड असते तशी एका बाजूला विरत जाणारी नव्हे. पुण्यातला पारशी प्राध्यापक साहेबाच्या सिद्धान्ताला वेधाने उत्तर देत होता.

दुसरी रेषा ‘कोरोनियम’ची. ७ ऑगस्ट १८६९ च्या अमेरिकेतल्या ग्रहणात सूर्याच्या प्रभामंडळात, म्हणजे कोरोनात, हिरवी रेषा दिसली. किरशॉफ यांच्या नकाशावर तिची जागा १४७४ अशी ठरवली गेली, म्हणजे ५३१.७ नॅनोमीटर. तिथे लोखंडाची एक रेषा आहे. पण लोखंडाच्या बाकी रेषा कुठे? पुन्हा नवं मूलद्रव्य. जवळपास तीस वर्षं ‘१४७४ ची रेषा’ हे तिचं नावच पडून गेलं.

आणि इथे आपलं १८९८ येतं. त्या वेळचा महाराष्ट्र डोळ्यांसमोर आणा. मुंबई-पुण्यात प्लेग. पुण्यात रँडचा खून होऊन सात महिने झालेले, चापेकर तुरुंगात, टिळक राजद्रोहाची शिक्षा भोगत. अशा वेळी ग्रहणाचा पट्टा विजयदुर्गला किनाऱ्यावर चढून सोलापूर जिल्हा, वऱ्हाड, नागपूर असा जात होता. लॉकियर विजयदुर्गला आले. त्यांच्या मदतीला ‘मेल्पोमिनी’ या युद्धनौकेचे कप्तान चिशोम-बॅटन आणि त्यांचे खलाशी. कट्ट्यांवर प्रिझम लावलेले कॅमेरे उभे राहिले. या कॅमेऱ्यांना फट नसते. ग्रहणात सूर्याची कड स्वतःच फटीचं काम करते. म्हणून फोटोवर रेषा न येता प्रत्येक रंगाचं एकेक कंकण येतं. खग्रास जेमतेम दोन मिनिटांचं, आणि कोणी कुठली काच कधी बदलायची याची कवायत आधीच घोटून घेतलेली. सोलापूर जिल्ह्यात जेऊरला नायगामवाला होते, आणि अमेरिकेतल्या लिक वेधशाळेचे विल्यम कॅम्पबेलही. नागपूरजवळ घोगलीला स्कॉटलंडचे राल्फ कोपलंड. वऱ्हाडात तळणी स्टेशनाजवळ ब्रिटिश अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल असोसिएशनची मंडळी. त्यांतल्या अ‍ॅनी माँडर यांनी प्रभामंडळाचा एक अतिलांब झोत फोटोत पकडला.

जॉन एव्हरशेड हेही तळणीलाच होते. खग्रासाच्या सुरुवातीला आणि शेवटी क्षणभर सगळ्या काळ्या रेषा उजळ होतात. त्या क्षणाचे फोटो त्यांनी घेतले. त्यांत हायड्रोजनच्या रेषा दाटत दाटत जातात आणि बाल्मर यांच्या ३६४.६ पाशी पोचल्यावर पुढे सलग फिकट उजेड पसरलेला दिसतो. अणूच्या जिन्याबाहेरून आलेले मोकळे इलेक्ट्रॉन एकदम दुसऱ्या पायरीवर उतरतात, त्याचा तो उजेड. त्याचा अर्थ लागायला बोर यायचे होते. फोटो वऱ्हाडात निघून गेला होता. एव्हरशेड पुढे कोडाईकनालच्या वेधशाळेत आले, आणि १९१२ मध्ये नायगामवाला निवृत्त झाल्यावर पुण्याची दुर्बीण आणि बाकी यंत्रंही तिकडेच गेली.

राहिली हिरवी रेषा. विजयदुर्गच्या आणि जेऊरच्या फोटोंवर तिची जागा मोजली गेली, तर ती १४७४ वर नव्हतीच. ती ५३०.३ नॅनोमीटरला निघाली. १.४ नॅनोमीटरची चूक तीस वर्षं पाठ्यपुस्तकांत चालत आली होती. नवी जागा घेऊन पुढची पिढी शोधत राहिली. १९४० च्या सुमाराला वॉल्टर ग्रोट्रियन आणि बेंग्ट एडलेन यांनी रेषेचा मालक शोधला: लोखंडच, पण तेरा इलेक्ट्रॉन गमावलेलं. एवढे इलेक्ट्रॉन उडवायला लाखो अंशांचं तापमान लागतं. ५,८०० केल्व्हिनच्या पृष्ठभागाबाहेर त्याहून कितीतरी पट तापलेलं वातावरण आहे, हे कळलं ते या रेषेमुळे. ते एवढं का तापतं, हा प्रश्न अजून पूर्ण सुटलेला नाही, आणि भारताचं आदित्य-एल१ त्यासाठीच सूर्याकडे पाहतं आहे. त्याच्यावरचा प्रभामंडळ बघणारा कॅमेरा ज्या रेषा टिपायला बनवला आहे, त्यांतली एक ५३०.३ नॅनोमीटरची.

जागा चुकीची राहिली असती तर ग्रोट्रियन आणि एडलेन यांना ताळा जुळवायला आकडाच नसता. तो आकडा सुधारला गेला विजयदुर्गच्या कट्ट्यांवर आणि जेऊरच्या माळावर काढलेल्या फोटोंवरून. हेलियमच्या उसन्या श्रेयाची या किल्ल्याला काही गरज नाही.

१८ ऑगस्टचा कार्यक्रम बंद करा, असं माझं म्हणणं नाही. मुलं त्या निमित्ताने विज्ञान ऐकतात, आणि त्या दिवशी ग्रहणाचा पट्टा दक्षिण कोकणावरून गेला होता, हेही खरंच आहे. पण भाषणांत आणि फलकांवर १८६८ च्या जागी १८९८ लिहा, लॉकियर यांच्या शेजारी नायगामवाला यांचं नाव घाला, आणि जमलं तर २२ जानेवारीलाही एक कार्यक्रम ठेवा. तेव्हा पाऊस नसतो. जेऊर आणि तळणीच्या शाळांतल्या शिक्षकांनीही आपापल्या गावाचा हा भाग मुलांना सांगावा. तिथे तर कट्टेसुद्धा नाहीत.